आईंच्या मिरच्या आणि माझे ठोके

आमच्या कोरीट गावात एखाद्या सुनेचं काळीज धडधडायला लागलं की त्याची कारणं ठरलेली असतात. नजर, गॅस, नाहीतर माहेरची आठवण. माझं माहेर नंदुरबारला. स्कुटीवर टांग टाकली की अर्ध्या तासात पोचते, आणि दर आठवड्याला जाऊन वहिनीशी भांडून येते, त्यामुळे माहेरचं कारण आधीच बाद झालं. राहिले गॅस आणि नजर. गॅस डॉक्टर लोकांनी धरून ठेवला, नजर माझ्या सासूबाईंनी, आणि मी दोघांच्या मधे छातीवर हात ठेवून बसले.

मी हेमांगी. वय एकतीस. नवरा भूपेंद्र शेती बघतो, केळी, कापूस आणि थोडी मिरची. घराच्या पुढच्या खोलीत माझं स्वतःचं मिरची कांडप आहे. उन्हाळा लागला की गावोगावच्या बाया वर्षाचं तिखट करून ठेवायला येतात, तेव्हा मला डोकं खाजवायला वेळ नसतो. त्या यंत्राची मुसळं एका लयीत पडतात, धप धप धप. पट्टा सैल झाला की मात्र लय बिघडते. दोन ठोके घाईत, एक उशिरा, एक गायबच. शेजारच्या मंगलाबाईंशी गप्पा मारतानाही मला तो फरक ऐकू येतो.

तर दिवाळीनंतर एका दुपारी मी यंत्र बंद करून भाकरी खायला बसले, आणि सैल पट्ट्याचा तो आवाज सुरू झाला. उठून पाहिलं, यंत्र बंदच होतं. परत येऊन बसले तर आवाज चालूच. मग लक्षात आलं की तो माझ्या छातीतून येतोय. घास घशात अडकला, कपाळाला घाम फुटला, आणि चार पावलं चालले तर गड चढल्यासारखा दम लागला. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. आई गं, आता गेले मी, असंच वाटलं.

भूपेंद्र तसा गुणी माणूस, पण त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध, लिंबू-सोडा. तो लिंबू शोधायला धावला. तेवढ्यात माझ्या सासूबाई, सरलाबाई, मागच्या दारातून आल्या. त्यांना मी आई म्हणते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. सरळ फडताळातून मिरच्यांचा डबा काढला.

आईंची नजर उतरवायची पद्धत म्हणजे कोर्टाचं काम. दाराकडे तोंड करून बसायचं, बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच. मुठीत सात सुक्या मिरच्या, मीठ, मोहरी. मूठ डोक्यावरून पायापर्यंत सात वेळा उतरायची आणि मग मागच्या अंगणातल्या पाण्याच्या चुलीत टाकायची. मिरच्या जळताना ठसका लागला तर नजर नव्हती. ठसका नाही लागला तर नजर होती आणि ती जळून गेली. हे झाल्यावर निखारे राख होईपर्यंत बाईनं घराचा उंबरा ओलांडायचा नाही, नाहीतर उतरलेली नजर रस्त्यात पुन्हा गाठते. हा शेवटचा नियम आईंच्या सासूकडून आलेला. ती म्हातारी जाऊन जमाना झाला, पण नियम ठणठणीत होता.

मिरच्या जळल्या. कोणालाही ठसका लागला नाही. आईंनी मान हलवली आणि निकाल दिला, "तुले नजर लागनी शे."

निखारे विझत आले तोवर माझ्या छातीतला पट्टा आपोआप घट्ट झाला. ठोके रांगेत आले, दम गेला, भूकसुद्धा लागली. मी उरलेली भाकरी खाल्ली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत बातमी, की सरलाबाईंच्या हाताला गुण आहे. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं, पण श्रेय सगळं सुंठीला.

पुढं ते वरचेवर व्हायला लागलं. कधी कपडे वाळत घालताना, कधी नुसती बसलेली असताना. कधी तासभर, कधी त्याहून जास्त. मी नंदुरबारला एका डॉक्टरांकडे गेले. तिथं पोचेपर्यंत ठोके सरळ झालेले. त्यांनी ईसीजी काढला, पट्टी एकदम शहाण्या मुलीसारखी सरळ आली. ते म्हणाले, गॅस आहे, हरभऱ्याची डाळ कमी करा. दुसऱ्या डॉक्टरांनी पट्टी पाहिली, माझं वय पाहिलं, आणि म्हणाले, या वयात हृदयाला काय होतंय, टेन्शन कमी घ्या. मी म्हटलं, साहेब, टेन्शन मी घेत नाही, देते. ते हसले नाहीत.

तिसरी डॉक्टर मात्र माणसातली निघाली. डॉक्टर दामिनी, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिनं आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मी सैल पट्ट्याचं सांगितलं तेव्हा ती टेबलावर बोटानं वाजवून दाखव म्हणाली. मी वाजवलं. दोन घाईत, एक उशिरा, एक गायब. तिनं पेन खाली ठेवलं.

ती म्हणाली की हृदयाचे वरचे कप्पे कधीकधी नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, मग ठोक्यांना ताळतंत्र राहत नाही. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. म्हाताऱ्या माणसांत जास्त दिसतं, पण तरुणांत होतच नाही असं नाही. रक्त कप्प्यात साचून गाठ झाली आणि ती मेंदूत गेली तर लकवा होऊ शकतो, म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. पण अंदाजावर तिला औषध देता येत नव्हतं. ते होत असताना पट्टीवर पकडायला हवं होतं. "चोर घरात असतानाच मला बोलव," ती म्हणाली. "चहा पीत बसू नको. येईल तेव्हा, आहे तशी ये. स्वतः गाडी मात्र चालवायची नाही."

मग थायरॉईड तपासलं, हृदयाची सोनोग्राफी झाली, सगळं ठीक. एक दिवस छातीला तारा चिकटवून यंत्राचा डबा कमरेला बांधून मला घरी पाठवलं. अख्खा दिवस मी ठोके बिघडावेत म्हणून जिवाचं रान केलं. गच्चीवर चढउतार केली, काळा चहा प्याले, वहिनीला मुद्दाम फोन लावून जुनं भांडण उकरलं. वहिनी रडली, माझ्या काळजाला काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी डबा परत देऊन घरी आले, चप्पल काढली आणि छातीत धडधड सुरू. मी तिथंच भिंतीला डोकं टेकून हसत सुटले. राग पण असा आला होता म्हणून सांगू.

आता तुम्ही म्हणाल, सुरू झालं होतं ना, मग तशीच उलट्या पावली का नाही गेलीस. अहो, जाऊ देतंय कोण. आई उंबऱ्यात मांडी घालून बसायच्या. आधी नजर, मग निखारे, मग दवाखाना. मी चिडले की त्या डोळ्यांत पाणी आणायच्या आणि म्हणायच्या, वाटेत तुला काही झालं तर मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू. भूपेंद्र आईपुढं मांजर. तो म्हणायचा, दहा मिनिटांचं तर काम आहे, होऊन जाऊ दे. दहा मिनिटांचा पाऊण तास व्हायचा, राख व्हायची, आणि माझे ठोके सरळ. नंदुरबारला पोचावं तर पट्टी पुन्हा शहाणी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

एक गोष्ट मात्र आईंच्या नावावर मांडायला हवी. इतर सगळे मला कधी ना कधी म्हणाले, की तुला उगीच वाटतंय. नवरा म्हणाला, दोन डॉक्टर म्हणाले, माझी सख्खी वहिनी तर केव्हाचीच म्हणत होती. आई कधी म्हणाल्या नाहीत. मी छातीवर हात ठेवला की त्या हातातलं काम टाकून यायच्या.

माघ संपत आला तसं घरात वेगळंच ठरायला लागलं. सासरे, रतिलाल आबा, कमी बोलतात आणि जे बोलतात ते ठरवूनच. ते म्हणाले, यंदा कांडप बंद ठेवायचं. तिखटाच्या धुरळ्यात उभं राहून पोरीचा जीव जायला नको. यंत्राला गिऱ्हाईकही त्यांनी बघून ठेवलं होतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली. ते यंत्र म्हणजे माझं घरातलं बोलायचं तोंड होतं. मी आबांना म्हटलं, होळीपर्यंत थांबा. डॉक्टरीणबाईंनी पट्टीवर पाहून सांगितलं की यानं वाढतंय, तर मी स्वतः यंत्र गाडीत चढवून देईन. पण काय झालंय हे कळायच्या आधी नाही. आबा थांबले. आता होळीपर्यंत चोर पकडणं भाग होतं.

आणि युक्ती सापडली ती कांडपातच. मंगलाबाई पोतंभर मिरची घेऊन आल्या, त्यांच्या दिराच्या शेतातली. दिसायला आमच्यासारखीच, लांब, लालबुंद. पण मुसळ पडलं आणि आम्ही दोघी शिंकून शिंकून खोलीबाहेर. डोळे पुसता पुसता मला आमची मिरची आठवली. आमच्या शेतात गेली काही वर्षं आम्ही रंगाची मिरची लावतो. व्यापाऱ्याला रंग लागतो, म्हणून ती जात. भाजीला लाली आणते, तिखटाच्या नावानं बोंब. मुठीनं खाल्ली तरी उचकी लागत नाही. आणि आईंचा डबा भरायचा तो घरच्या मिरचीनं.

म्हणजे त्या मिरच्या जाळून कोणाला ठसका लागणारच नव्हता. कधीच नाही. आईंच्या कोर्टात प्रत्येक वेळी नजरच निघणार होती, पाय मुरगळला तरी नजर, दात दुखला तरी नजर. मला इतकं हसू आलं की मंगलाबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सासूशी भांडून नियम मोडता आला नव्हता, मग म्हटलं नियमानंच जाऊ. आई अंघोळीला गेल्या तेव्हा मी डब्यातल्या मिरच्या काढल्या आणि मंगलाबाईंच्या भरल्या. हे मी घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

मग वाट पाहणं आलं. इतके दिवस नको नको म्हणत होते तेव्हा दर दोन दिवसांनी हजर, आणि आता मी निमंत्रण देऊन बसले तर रुसून बसलं. होळी चार दिवसांवर आली. आबांचं गिऱ्हाईक यंत्र पाहून गेलं. शेवटी एका सकाळी मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते आणि हातातली भाकरी वाकडी झाली. सैल पट्टा. दोन घाईत, एक उशिरा, एक गायब. मी तवा उतरवला आणि आईंना हाक मारली.

आईंनी मूठ भरली. मी दाराकडे तोंड करून बसले, न बोलता, न हसता, आणि न हसणं त्या दिवशी फार अवघड होतं. मूठ सात वेळा उतरली. आई मागच्या अंगणात गेल्या. चुलीत चर्र आवाज झाला.

पहिला ठसका आईंनाच लागला. मग मला. मग अंघोळीचं पाणी घ्यायला आलेला भूपेंद्र बादली टाकून पळाला. ओट्यावर पेपर वाचणारे आबा खोकत खोकत रस्त्यावर गेले आणि तिथून विचारायला लागले की काय पेटलंय. मंगलाबाईंच्या घरातून शिंकांची माळ ऐकू आली. त्यांची मिरची त्यांच्याच नाकात गेली. गोठ्यातली वासरं दावी ओढायला लागली. आमच्या वाड्यात इतका ठसका मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकला नव्हता.

धूर ओसरला तेव्हा आई चुलीपाशी खाली बसलेल्या होत्या. डोळे पुसत होत्या, पण नुसत्या धुरानं आलेलं पाणी नव्हतं ते. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं होतं त्या चिडतील, पुन्हा एकदा उतरवते म्हणतील. तसं काही झालं नाही. त्यांनी काडीनं निखारे उकरून पाहिले.

"हाई नजर नही शे," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं हाक दिली, "भूपा, गाडी काढ."

नजरच नव्हती, त्यामुळे निखारे विझायची वाट बघायचं कारणही उरलं नाही. नियम म्हणजे नियम. पण त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी मघाशी मनात हसत होते, ते हसू विरून गेलं.

मोटारसायकलवर आम्ही तिघं. पुढं भूपेंद्र, मधे मी, मागं आई, नऊवारीचा काष्टा सावरून, एका हातानं माझी कंबर धरून. भूपेंद्र गाडी हाणत होता आणि मी ओरडत होते की खड्ड्यातून नको, हळू घे, दणका बसून ठोके सरळ झाले तर काय करू. देवाकडे लोक बरं कर म्हणून मागणं मागतात. मी मागत होते, देवा, अर्धा तास मला बरं करू नकोस. वेशीवर भूपेंद्रचा मित्र आडवा आला, कुठं निघाले म्हणून विचारायला. आईंनी मागून त्याला असा आवाज दिला की तो सायकलसकट बाजूला झाला. नंदुरबारात शिरलो तर रस्त्याकडेला मिरच्या वाळवायच्या पथारीवर लाल गालिचा पसरलेला, आणि आमची तिघांची खोकल्याची उरलीसुरली हौस तिथं भागली.

दवाखान्यात मी रांग मोडून आत घुसले. डॉक्टर दामिनीनं मनगट धरलं, एक क्षण थांबली आणि म्हणाली, "आलाय चोर. झोप पटकन." सिस्टरनं छातीला बटणं चिकटवली. यंत्र कुरकुरलं आणि पट्टी बाहेर यायला लागली. काय सांगू तुम्हाला, कसली वाकडीतिकडी पट्टी होती ती, पोरानं बैलगाडीत बसून गिरवल्यासारखी. मला ती फार आवडली. आजार निघाला म्हणून आनंदानं रडणारी बाई त्या दवाखान्यात पहिलीच असेन मी. भूपेंद्रनं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला की मी आपला तुला उगीच वाटतंय, उगीच वाटतंय म्हणत होतो गं. मी म्हटलं, घरी चला, मग सांगते.

डॉक्टरनं ठोके आवरायचं औषध दिलं आणि मला तिथंच पलंगावर ठेवलं. दुपारी पट्टा घट्ट झाला. मग ती खुर्ची ओढून बसली आणि सगळं नीट समजावलं. रोज एक गोळी घ्यायची, अधूनमधून येऊन दाखवायचं. त्रास वाढला तर मोठ्या शहरात यावर एक उपचार असतो, पण ते पुढचं पुढं. कांडप चालवायला हरकत नाही, फक्त तोंडाला फडकं बांधायचं आणि जेवण-झोप वेळेवर घ्यायची. मी भूपेंद्रला म्हटलं, आबांना आत्ताच्या आत्ता फोन लावा आणि हे शब्द जसेच्या तसे सांगा. तो फोन घेऊन बाहेर गेला.

मी गाठीचं विचारलं, तो लकव्याचा विषय डोक्यात होता. डॉक्टर म्हणाली, "तुझं वय कमी, बीपी नाही, साखर नाही. रक्त पातळ करायची गोळी तुला आज लागणार नाही. हेच साठी ओलांडलेल्या बाईला असतं, वर बीपी असतं, तर मी एक दिवससुद्धा थांबले नसते. तिला लकव्याचा धोका कितीतरी जास्त."

आई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. आता त्यांनी पदर पुढं ओढला आणि विचारलं, तशी बाई कोणी असेल तर तिला काय काय होतं. डॉक्टरनं विचारलं, कोण आहे. आई म्हणाल्या, आहे एक ओळखीची. चालताना मधेच उभी राहते. विहिरीवरून येताना दोनदा बसते. छातीत असं फडफडतं की रात्री कुशीवर झोपता येत नाही. डॉक्टरनं विचारलं, किती दिवसांपासून. आई म्हणाल्या, हेमाचं लग्न व्हायच्या आधीपासून.

मी उठून बसले. आईंचा एक हात पदराखाली छातीवर होता. तो तिथं किती वेळ होता कोणास ठाऊक. आणि मला एकदम कळलं, की पहिल्या दिवशी काय झालं म्हणून न विचारता त्यांनी डबा का काढला होता. सगळी दुनिया मला उगीच वाटतंय म्हणत होती तेव्हा ही एकटी बाई मला खरं मानत होती, कारण तिला ते आतून माहीत होतं.

"आई, तुम्ही कधी बोलल्या का नाहीत?" मी विचारलं. आवाज माझा चढलाच होता.

त्या हसल्या, थोड्या लाजल्यासारख्या. "कोनले सांगू? स्वतःनी नजर स्वतःले उतारता येस नही. सासू गई, मोठी जाऊ गई. घरमा मन्हाथून मोठं आते कोनी नही. मन्ही नजर कोन उतारी?"

इतकी वर्षं ही बाई घरातल्या सगळ्यांवरून मूठ उतरवत होती, माझ्यावरून, भूपेंद्रवरून, पाहुण्यांच्या पोरांवरून, आणि स्वतःचं फडफडणारं काळीज घेऊन विहिरीवर दोनदा बसत होती, कारण तिच्यावरून मूठ फिरवायला घरात वडीलधारी बाई राहिली नव्हती. डॉक्टरनं तोवर त्यांचं मनगट धरलं होतं, आणि या वेळी ती चोरबीर काही म्हणाली नाही. बीपीची गोळी चालू आहे का, एवढंच विचारलं. आठवली तर घेते, आई म्हणाल्या.

मी पलंगावरून खाली उतरले. म्हटलं, चला, झोपा इथं. त्या मागं सरकल्या. आपलं आता काय राहिलंय, जिचं करायचं तिचं झालं, चला घरी, वासरांना पाणी पाजायचंय, सगळं सुरू झालं. सिस्टर समजावून थकली. शेवटी त्या पुटपुटल्या, की इतकी वर्षं अंगावर घेतलेलं तसंच घेऊन यंत्राखाली झोपायचं मला भ्या वाटतं.

मग मी काय करणार. मीठ नव्हतं, मोहरी नव्हती, मिरची तर नव्हतीच. मी रिकामी मूठ वळली आणि त्यांच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरवायला सुरुवात केली. सुनेनं सासूची नजर उतरवायची नसते, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी मला अडवण्यासाठी हात वर केला, तो तसाच खाली घेतला. डोळे मिटून दाराकडे तोंड करून बसल्या, न बोलता, लहान मुलीसारख्या. सिस्टर बटणं हातात धरून थांबली. डॉक्टरही थांबली. सात वेळा झाल्यावर मी मूठ खिडकीबाहेर झटकली.

"हुई गयं?" आईंनी विचारलं.

"हुई गयं. आता झोपा."

त्या झोपल्या. यंत्र कुरकुरलं आणि पट्टी बाहेर आली, माझ्यापेक्षाही वाकडी. डॉक्टरनं ती पाहिली आणि रक्त पातळ करायची गोळी त्याच दुपारी सुरू केली. पहिली गोळी मीच त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती पाण्याबरोबर घेतली, पदरानं तोंड पुसलं, आणि घरी पोचेपर्यंत गाडीवर मागं बसून माझ्या पाठीवर डोकं टेकून त्या शांत झोपल्या.